कापड कोणाचे, नाव कोणाचे?

रमजानचा शेवटचा आठवडा आला की शहागंजपासून सिटी चौकापर्यंत आणि तेथून गुलमंडीपर्यंतचा रस्ता रात्रभर जागा असतो. तरावीहनंतर जी गर्दी सुरू होते ती सहरीपर्यंत हटत नाही. गेली तीस वर्षे मी ही गर्दी गल्ल्यावर बसून पाहत आलो आहे. गर्दी तीच आहे, पण गिऱ्हाईक बदलले आहे.

पूर्वी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की आधी कापडाला हात लावायचे. दोन बोटांत चुरगाळून पाहायचे, ट्यूबलाईटकडे धरून वीण बघायचे, धुतल्यावर आटेल का, रंग सुटेल का, असे दहा प्रश्न विचारायचे. आजचा तरुण कापडाला हातच लावत नाही. तो कॉलर उलटी करून लेबल वाचतो, नाहीतर छातीवरचे चिन्ह पाहतो. चिन्ह ओळखीचे असेल तर भाव विचारतो, नसेल तर पायरी उतरतो.

मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. मराठी शिकलो ती ग्रामीण भागातून येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून आणि वहीखात्यातून. त्यामुळे लिहिण्यात काही कमीजास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण कापड हा माझा विषय आहे आणि त्यावर दोन गोष्टी स्पष्ट बोलणे मला गरजेचे वाटते. त्यातली एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे.

शौक वाईट नाही

तरुणांनी चांगले कपडे घालू नयेत असे मी म्हणणार नाही. लोकांनी चांगले कपडे घालणे सोडले तर माझ्या घरची चूल पेटणार नाही. शिवाय आपले शहर तर शौकासाठी प्रसिद्ध आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये येथील लोकांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) नाव झळकले होते. त्याच वर्षी चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत प्रोझोन मॉल उघडला. निराला बाजार आणि सिडकोतील कॅनॉट परिसरात मोठ्या कंपन्यांची दालने आली. सरकारने एकाच ब्रँडच्या दुकानात परदेशी भांडवलाला २००६ मध्ये ५१ टक्के आणि २०१२ मध्ये १०० टक्के मुभा दिली, आणि जी नावे आपण फक्त सिनेमात ऐकत होतो ती लहान शहरांच्या दारात आली.

ज्याची ऐपत आहे त्याने जरूर घ्यावे. प्रश्न ऐपत नसलेल्यांचा आहे. वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर काम करणारा मुलगा अर्ध्या पगाराचे बूट घेतो. कॉलेजची फी थकलेली असते, पण अंगावर तीन हजारांचा शर्ट असतो. मोबाईलवर हप्त्याने माल मिळतो. पहिला हप्ता चुकला की दंड आणि व्याज सुरू होते. आपल्या समाजात व्याजाविषयी एवढे बोलले जाते, पण ते आता शर्टाच्या खिशातून घरात शिरत आहे, याकडे लक्ष नाही. मुलाला विचारले तर तो म्हणतो, "अंकल, साधा शर्ट घालून गेलो तर कोणी बोलतसुद्धा नाही." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जग खरोखर असे झाले आहे. म्हणून नुसते रागावून उपयोग नाही, हिशेब समजावून सांगितला पाहिजे.

एका शर्टाचा हिशेब

एक पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. ५८ इंच पन्ह्याचे कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाला साधारण एक मीटर साठ सेंटीमीटर लागते. समजा, चांगले सुती कापड २५० रुपये मीटरचे घेतले, तर कापडाचे ४०० रुपये झाले. बटणे, बकरम, दोरा यांचे ४० धरा. मास्टरची शिलाई ३५० धरा. एकूण ७९० रुपये. भाव दुकानागणिक थोडा कमीजास्त होईल, पण अंदाज चुकणार नाही.

आता तसाच शर्ट नाव लावून २,९९९ रुपयांना मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. तयार कपड्याच्या एका नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे थेट १८ टक्के. ही किंमत कराआधीची धरायची असते, म्हणजे कर धरून २,६२५ रुपयांपर्यंतचा नग ५ टक्क्यांत बसतो. २,९९९ चा शर्ट १८ टक्क्यांत जातो आणि त्यात सुमारे ४५७ रुपये नुसता कर असतो. आमच्या हिशेबातले कापड ४०० रुपयांचे होते. म्हणजे नावाचा शर्ट घेणारा मुलगा कापडाच्या पूर्ण किमतीपेक्षा जास्त पैसे करातच देऊन येतो.

उरलेले पैसे कोठे जातात? जाहिरातीत, दालनाच्या भाड्यात, क्रिकेटपटू आणि नटांच्या मानधनात आणि कंपनीच्या नफ्यात. शिवणाऱ्याच्या हातात फार थोडे पडतात. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते आणि युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांचा माल शिवला जात होता. अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुली होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. लेबलवर ज्यांचे नाव नव्हते, ते ढिगाऱ्याखाली होते.

नाव आतून बाहेर कसे आले

कपड्यावर नाव लावण्याची रीत फार जुनी नाही. चार्ल्स वर्थ नावाच्या इंग्रज शिंप्याने १८५८ मध्ये पॅरिसला स्वतःची पेढी काढली आणि आपल्या नावाची पट्टी कपड्याच्या आत शिवायला सुरुवात केली. चित्रकार चित्राखाली सही करतो तशी ही शिंप्याची सही होती. पण ती आत होती. पुढे १९३३ मध्ये फ्रान्सचा टेनिसपटू रेने लाकोस्त याने विणलेल्या शर्टावर छातीवर मगरीचे चिन्ह लावून तो बाजारात आणला, आणि नाव आतून बाहेर आले. त्या दिवसापासून गिऱ्हाईक पैसे देऊन कंपनीची जाहिरात अंगावर घालून फिरू लागले.

आपल्याकडेही हेच झाले. जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी पँटच्या कापडाच्या काठावर मिलचे नाव छापलेले असायचे. शौकीन गिऱ्हाईक मास्टरला सांगायचे की काठ कापू नकोस, कमरेच्या आत किंवा खिशाच्या आत नाव दिसले पाहिजे. नाव होते, पण मालकालाच माहीत असायचे. १९९१ नंतर बाजार उघडला, तयार कपडे आले आणि काठावरचे नाव छातीवर जाऊन बसले.

जीन्सची गोष्ट तर आणखी मजेची आहे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये पँटच्या खिशांना तांब्याचे खिळे ठोकण्याचे पेटंट अमेरिकेत घेतले, ते अंगमेहनत करणाऱ्यांची पँट फाटू नये म्हणून. आणि इंग्रजीतला डंगरी हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला, कारण तेथे विकले जाणारे जाडेभरडे कापड त्या नावाने ओळखले जात होते. मजुराचे कापड आज साहेबाची शान झाले आहे, आणि मजुराचा मुलगा तेच कापड मुद्दाम फाडलेले, चौपट भावाने विकत घेतो.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी बाजारात 'फर्स्ट कॉपी' नावाचा माल आला. शर्ट, जीन्स, बूट, घड्याळ, सर्वच. चिन्ह हुबेहूब, लेबल हुबेहूब, भाव चौथा हिस्सा. शेजारची दुकाने विकू लागली. माझ्या साध्या मालाला गिऱ्हाईक येईना. मुलांनी आग्रह केला आणि मीही माल भरला. ३२० चा शर्ट ९०० ला जायचा. एवढा नफा मला थानाच्या धंद्यात कधी दिसला नव्हता. गिऱ्हाइकाला ठाऊक आहे की हा असली नाही, मग धोका कसला, अशी मी मनाची समजूत घातली.

आमच्या गल्लीत एक मास्टर आहेत. पंचवीस वर्षांपासून माझ्या दुकानातून कापड घेतलेली गिऱ्हाइके मी त्यांच्याकडे पाठवतो. एके दिवशी दुपारी ते दुकानात आले आणि हातातला शर्ट काउंटरवर ठेवला. छातीवर मोठ्या कंपनीचे चिन्ह. तीन धुण्यांत कॉलरला फुगे आले होते आणि काखेतली शिवण उसवली होती. त्यांचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याने तो माझ्या दुकानातून, माझ्या मुलाच्या हातून घेतला होता आणि उसवल्यावर दुरुस्तीला बापाकडेच दिला होता.

मास्टरांनी शिवण उलटी करून दाखवली. इंचाला सात टाके होते. ते स्वतः चौदा घालतात. आत दाब सोडलेलाच नव्हता. मला वाटले ते पैसे परत मागतील. पण ते एवढेच म्हणाले, "भाई, माझा मुलगा माझ्या हातचा शर्ट घालत नाही याचे दुःख नाही. पोरे अशीच असतात. पण ते खोटे नाव तुमच्या दुकानातून आले, हे बरे वाटले नाही."

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. दुकानात त्या मालाचे साठ-बासष्ट नग शिल्लक होते. लेबल आणि चिन्हे उसवून ते साधा माल म्हणून पडेल भावाने काढले. ज्यांवरची चिन्हे निघत नव्हती ते फाडून पुसायला दिले. नुकसान झाले, पण त्यानंतर काही महिन्यांतच आमच्या भागातल्या एका दुकानावर धाड पडली, आणि मी वेळीच सुटलो हे कळले.

कायदा काय म्हणतो

अनेक व्यापारी बंधूंना वाटते की बनावट माल बनवणारा गुन्हेगार, विकणारा नाही. हा मोठा गैरसमज आहे. ट्रेड मार्क कायदा १९९९ च्या कलम १०३ मध्ये खोटे चिन्ह लावणाऱ्याला आणि कलम १०४ मध्ये असा माल विकणाऱ्याला किंवा विक्रीसाठी ठेवणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. दोन्हींत कैद सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान कैद एक वर्ष आणि किमान दंड एक लाख. उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करू शकतो. त्याआधी त्याला ट्रेड मार्क रजिस्ट्रारचे मत घ्यावे लागते. गिऱ्हाइकाला माल नकली असल्याचे ठाऊक होते, हा बचाव चालत नाही. कारण गुन्हा फक्त गिऱ्हाइकाच्या फसवणुकीचा नाही, दुसऱ्याचे नाव चोरण्याचा आहे.

आणि धाड पडते तेव्हा ज्याने तो माल ठोकात पाठवला तो कोठेच नसतो. त्याचे पक्के बिल नसते. काउंटरवर सापडतो तो किरकोळ दुकानदार, आणि बहुधा बारा हजार पगारावर बसवलेला नोकर.

हिमरूचा धडा

माझ्या आजोबांची एक हिमरूची शेरवानी होती. ईदला आणि घरच्या लग्नाला ती लोखंडी पेटीतून निघायची, नाहीतर कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली असायची. तिला कोठेही लेबल नव्हते. पण पाहणारा लांबून ओळखायचा की ही हिमरू आहे आणि ही आपल्या शहराची आहे.

हिमरूची हकिगत आजच्या तरुणांनी जरूर ऐकावी. बादशहा आणि अमीर किनखाब घालायचे. त्यात सोन्या-चांदीची जर असायची, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्याबरोबर विणकरही आले आणि राजधानी परत गेल्यावर त्यांतले काही येथेच राहिले, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. येथील विणकरांनी जरीऐवजी रेशीम आणि ताण्याला सूत वापरून किनखाबसारखे दिसणारे कापड विणले. हिमरू हा शब्द फारसीतल्या 'हम-रू' वरून आला असे सांगतात, म्हणजे तसाच चेहरा असलेला. मागच्या बाजूला नक्षीचे जादा धागे सुटे राहतात, म्हणून ते उबदार आणि मऊ लागते.

म्हणजे हिमरू ही मुळात नक्कलच होती! पण त्या विणकरांनी आपल्या कापडावर किनखाबचे नाव लावले नाही. किनखाब म्हणून विकले नाही. वेगळे नाव दिले, स्वस्त असूनही वीण खरी ठेवली, आणि त्या नक्कलीचेच पुढे एवढे नाव झाले की निजामाच्या राज्यातले अमीर हिमरूच्या शेरवान्या शिवू लागले.

मशरूचेही तसेच. पुरुषांना अंगाला रेशीम लागणे मना, आणि मन तर रेशमाकडे ओढ घेते. तेव्हा विणकरांनी अशी वीण काढली की वर रेशमाची चमक आणि आत कातडीला लागेल ते सूत. नाव ठेवले मशरू, म्हणजे शरीअतने मुभा दिलेले. शौक आणि उसूल यांचा मेळ त्यांनी मागावर घातला.

आज नवाबपुरा, जफर गेट भागात हातमागावर हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. संस्थान गेले, शेरवानी घालणारे अमीर गेले, यंत्रमागाच्या स्वस्त शाली हिमरू म्हणून विकल्या जाऊ लागल्या. ज्या कापडाने कधी दुसऱ्याचे नाव घेतले नाही, त्याचेच नाव आता दुसरे कापड लावून फिरते. आणि विणकरांची मुले मॉलमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी करताना मी पाहिली आहेत.

काय करता येईल

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी पहिली गोष्ट ही करावी की खोट्या नावाचा माल बंद करावा आणि स्वतःचे नाव लावावे. हे काम वाटते तेवढे अवघड नाही. ट्रेड मार्कच्या नोंदणीसाठी एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. तयार कपडे २५ व्या वर्गात येतात, कापड २४ व्या वर्गात. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुन्हा वाढवता येते. पाच शर्ट नकली विकून मिळणाऱ्या नफ्यात आपले स्वतःचे नाव निम्म्याहून अधिक विकत घेता येते. मालेगाव, भिवंडीचा आपला भाऊ रात्रंदिवस यंत्रमाग चालवतो, पण त्याचे कापड कोऱ्या थानातून जाते आणि नाव दुसऱ्याचे लागते. हे कोठेतरी बदलले पाहिजे.

मी आणि मास्टरांनी थोडी सुरुवात केली आहे. कापड माझे, शिलाई त्यांची, आणि कॉलरच्या आत लहानशी पट्टी, तीवर दुकानाचे नाव आणि खाली मास्टरांचे. पहिल्या रमजानला चाळीस शर्ट शिवले, सव्वीस गेले. फर्स्ट कॉपीएवढा नफा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या सव्वीसमधले अकरा जण बकरी ईदला परत आले. नकली मालाचे गिऱ्हाईक परत येत नाही, आले तर भांडायला येते.

तरुण मित्रांना एवढेच सांगायचे आहे की कपडा घ्या, आवडीचा घ्या, पण घेण्यापूर्वी तो एकदा उलटा करून पाहा. इंचाला टाके किती आहेत मोजा. दहाच्या खाली असतील तर ठेवून द्या. शिवणीत दाब सोडला आहे का पाहा. चौकडीचा शर्ट असेल तर खिशाची चौकडी अंगाच्या चौकडीशी जुळते का पाहा. ज्याने ती जुळवली त्याने बाकीचेही मनापासून केले असेल. काजाचे टाके दाट हवेत. आतल्या शिवणीतला सुटा धागा घरी नेऊन जाळून पाहा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. ही परीक्षा कोणतीही कंपनी शिकवणार नाही, कारण ती शिकल्यावर चिन्हाकडे बघण्याची गरज उरत नाही.

मास्टरांचा मुलगा आजही नावाचेच बूट घालतो. मास्टरही आता त्यावर बोलत नाहीत. मात्र मागच्या ईदला नमाजेनंतर गळाभेट झाली तेव्हा माझे लक्ष त्याच्या शर्टाकडे गेले. छातीवर काही नव्हते. मी हळूच कॉलर उलटी करून पाहिली. आत त्याच्या वडिलांचे नाव होते.